नाक दाबून वाचायची गोष्ट

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट जेवताना वाचू नका. ताट वाढलेलं असेल तर अंक बाजूला ठेवा, जेवून या, हात धुवा आणि मग वाचा. मागाहून तक्रार केलीत तर ऐकून घेणार नाही.

माझी भाची सहावीत आहे. परवा ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून पडद्यावर डोकावत होती.

"मावशी, कशावर लिहितेयस?"

"शीवर."

"ई! शी!"

"हो, तीच."

मला वाटलं, आता पळेल. पण तिने दुसरी खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसली. तेव्हा या लेखात मधूनमधून तिचे प्रश्न येतील. त्यातले काही मला सात जन्मांत सुचले नसते.

तर बघा. सकाळी तुम्ही फ्लश ओढता, खळखळाट होतो आणि विषय संपतो. म्हणजे तुमच्यापुरता संपतो. पाण्याचा प्रवास तर तिथून सुरू होतो. आधी इमारतीचा पाइप, मग खालचं चेंबर, मग रस्त्याखालची ड्रेनेजलाइन, मग तिच्याहून मोठी, मग अजून मोठी. वाटेत कुणाच्या मोरीतलं साबणाचं पाणी येऊन मिळतं, कुणाच्या घासलेल्या भांड्यांचं, हॉटेलातलं, दवाखान्यातलं, तुमच्या शाळेतलंसुद्धा. शहराच्या पाण्याचं गणित मांडताना आपल्याकडे माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. त्यातलं बरंचसं वापरून झालं की गटारातच येतं. हा सगळा लोंढा जिथे पोचतो त्या जागेला पुण्यात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र म्हणतात. नाव कसं भारदस्त आहे ना? वासाचं विचारू नका.

आता गंमत ऐका. या पाण्यात अख्ख्या वस्तीच्या तब्येतीची खबर असते.

कोविडचा विषाणू आपण नाकाघशाचा म्हणून ओळखतो. पण तो पोटातही उतरतो, आणि लागण झालेल्या पुष्कळ जणांच्या शीतून त्याचे तुकडे बाहेर पडतात. कधी ताप यायच्या आधीच, आणि कधी तर साधी शिंकही न आलेल्या माणसाच्या पोटातून. असा माणूस डॉक्टरकडे जात नाही, नाकात काडी घालून घेत नाही, आजाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव कधी चढत नाही. पण संडासात मात्र जातोच जातो!

"म्हणजे चाचणी चुकवता येते, शी चुकवता येत नाही," भाची म्हणाली.

बरोबर. इतकं थोडक्यात मला जमलं नसतं.

ही युक्ती कोविडच्या वेळी निघाली असं समजू नका. ती तुमच्या पणजोबांच्या काळातली आहे. इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर नावाचे एक सूक्ष्मजीवतज्ज्ञ होते. तिथल्या डेव्हन परगण्यात, सिडमथ नावाच्या समुद्रकाठच्या गावात पॅराटायफॉइडचे रुग्ण निघत होते आणि रोग पसरतोय कुठून ते सापडेना. कारण हा रोग पसरवणारा माणूस स्वतः ठणठणीत असू शकतो. जंतू पोटात घेऊन तो आरामात हिंडत असतो. मूर यांनी जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाची एक जाडशी घडी केली, तिला दोरी बांधली आणि ती गटाराच्या वाहत्या पाण्यात टांगून ठेवली. पाणी घडीतून वाहत राहिलं, जंतू घडीत अडकत राहिले. काही दिवसांनी घडी बाहेर काढून तपासली. जंतू सापडले? मग चला प्रवाहाच्या उलट दिशेने. पुढे गटाराला दोन फाटे फुटतात, दोन्हींत एकेक घडी टांगा. डावीकडच्या घडीत जंतू, उजवीकडे नाहीत? मग डावीकडे वळा. असं गल्लीगल्लीने मागे मागे जात थेट घरापर्यंत पोचता येतं. 1948 साली मूर यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. त्या घडीला अजूनही मूर स्वॅब म्हणतात. एक कापड, एक दोरी. मला तर ही घडी शेरलॉक होम्सच्या भिंगापेक्षा सरस वाटते.

आपल्या मुंबईतही हे काम कोविडच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. तिथले शास्त्रज्ञ 2001 सालापासून मुंबईच्या गटारांतल्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधू लागले. पोलिओ मोठा लबाड. साधारण 200 मुलांना त्याची लागण होते तेव्हा कुठे एकाच्या पायातली ताकद जाते. बाकीची हसतखेळत असतात आणि विषाणू पसरवत असतात. म्हणजे दवाखान्यात एक रुग्ण दिसेपर्यंत विषाणू केवढ्या घरांतून हिंडून आलेला असतो बघा. गटारात तो आधीच दिसतो. मुंबईच्या गटारात जंगली पोलिओ शेवटचा सापडला नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातली शेवटची रुग्ण म्हणजे पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक छोटी मुलगी, जानेवारी 2011 मधली. त्यानंतरही गटारांवरची नजर कुणी हटवली नाही. बरंच झालं. 2022 मध्ये लंडनच्या बेक्टन इथल्या केंद्रात पोलिओचा एक प्रकार सापडला. शहरात पोलिओने पांगळा झालेला एकही रुग्ण नव्हता, तरी तिथल्या एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना लशीचा जादा डोस द्यायचा असं ठरलं. ते सगळं गटाराच्या एका निरोपावरून!

परळच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि आपली खरी कथा तिथूनच सुरू होते. विषाणू सापडला एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो कोणाचा कोण, कुठून आला, हेही त्यांनी त्याला विचारलं. मुंबईतल्या काही विषाणूंचं नातं उत्तरेकडच्या राज्यांत फिरणाऱ्या विषाणूंशी जुळलं. मुंबईत रोज किती आगगाड्या येतात ते तुम्हाला माहीतच आहे. विषाणू तिकीट थोडंच काढतो!

"विषाणूला विचारलं म्हणजे? तो बोलतो?"

बोलत नाही, पण त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते. विषाणू म्हणजे खरं तर एक चिठ्ठी आणि तिच्याभोवतीचं पाकीट, बाकी काही नाही. चिठ्ठीत लिहिलेलं असतं: माझ्या आणखी प्रती काढा. आपल्या शरीरातली पेशी इतकी भोळी की ती चिठ्ठी वाचते आणि मुकाट्याने प्रती काढायला बसते. कोविडच्या विषाणूची चिठ्ठी जवळजवळ 30 हजार अक्षरांची आहे आणि अक्षरं फक्त चार: ए, यू, जी, सी. या चिठ्ठीला आरएनए म्हणतात.

आता सांगा, फळ्यावरचा मोठा धडा वहीत उतरवून घेताना तुमची एकही चूक होत नाही? होतेच. विषाणूचीही होते. कुठे एक अक्षर बदलतं, कुठे एखादं गळतं. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. एखादी चूक त्याच्याच मुळावर येते. आणि क्वचित एखादी चूक त्याला फायद्याची ठरते, पसरायला सोपं करते. चुकीच्या प्रतीवरून पुढची प्रत निघते तेव्हा जुनी चूक तशीच उतरते, वर नवी एखादी भर पडते. म्हणजे चुका म्हणजे आडनावंच! कुणाच्या चिठ्ठीत कोणत्या चुका आहेत हे पाहिलं की तो कोणत्या घराण्यातला ते कळतं. अशी वेगळ्या चुकांची घराणी म्हणजेच व्हेरिएंट. डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं तुम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकली असतील.

चुकांवरून काळही मोजता येतो. पोलिओच्या चिठ्ठीतला सुमारे 900 अक्षरांचा एक तुकडा शास्त्रज्ञ नेहमी वाचतात. त्यात वर्षाला शंभरात एक, म्हणजे नऊएक अक्षरं बदलतात. आज सापडलेल्या विषाणूत जुन्यापेक्षा 18 अक्षरं वेगळी दिसली, तर समजायचं की स्वारी साधारण दोन वर्षं कुठेतरी गुपचूप हिंडत होती.

हे झालं एका विषाणूच्या एका चिठ्ठीचं. गटारात एक चिठ्ठी कुठे असते? तिथे हजारो माणसांच्या पोटातून आलेल्या चिठ्ठ्या असतात, त्याही साबण, फिनेल आणि धक्के खाऊन फाटलेल्या. पाकिटं बहुतेक फुटलेली. त्यामुळे अशा पाण्यातून कोविड होण्याची भीती फारशी नसते. (म्हणून काही गटारात हात घालायचा नाही! तिथे दुसरे जंतू भरपूर असतात.) मग या चिंध्यांमधून घराणी कशी ओळखायची?

आपण एक खेळ खेळू. कागद-पेन्सिल घ्या. गुरुजींनी फळ्यावर वाक्य लिहिलं:

मावशीने डब्यात चकली ठेवली.

वर्गात मुलं एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतात, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. एका रांगेतल्या पहिल्या मुलाने "मावशीने"मधला "व" गाळला. झालं, अख्ख्या रांगेच्या वहीत आलं: माशीने डब्यात चकली ठेवली. हे माशी घराणं. दुसऱ्या रांगेत दोन चुका झाल्या: मावशीने डब्यात टकली ठेचली. हे टकली घराणं. (मावशीने कुणाची टकली ठेचली ते विचारू नका.) आणि तिसऱ्या रांगेत: माशीने डब्यात चकली ठेचली. हे तिसरं घराणं.

नीट बघा हं. "माशीने" ही चूक पहिल्या घराण्यातही आहे आणि तिसऱ्यातही. "ठेचली" दुसऱ्यात आणि तिसऱ्यात. "टकली" मात्र फक्त दुसऱ्यात.

आता सगळ्यांच्या वह्या टराटरा फाडा, एकेका शब्दाचा एकेक तुकडा करा, एका बादलीत टाका आणि ढवळा. कुठला तुकडा कोणाच्या वहीतला, काही पत्ता नाही. मग मोजायला बसा. पहिल्या शब्दाचे 100 तुकडे उचलले, त्यांत 70 वेळा "माशीने" निघालं. तिसऱ्या शब्दाच्या 100 तुकड्यांत 30 वेळा "टकली". शेवटच्या शब्दाच्या 100 तुकड्यांत 50 वेळा "ठेचली". प्रश्न असा: वर्गात कोणत्या घराण्याची मुलं शंभरात किती?

अंक खाली ठेवा आणि आधी स्वतः सोडवा. मी थांबते.

सुटलं? "टकली" फक्त दुसऱ्या घराण्यात आहे, म्हणजे ती मुलं 30. "ठेचली" आहेत 50, त्यातली 30 दुसऱ्या घराण्याची, उरलेली 20 तिसऱ्याची. "माशीने" आहेत 70, त्यातून तिसऱ्याची 20 वजा केली की पहिल्याची 50. बेरीज करून बघा, बरोबर शंभर. एकही वही अखंड पाहिली नाही आणि अख्खा वर्ग कळला!

अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात 2020 आणि 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी हेच केलं. फक्त त्यांच्या वाक्यात चार शब्दांऐवजी 30 हजार अक्षरं, आणि घराणी शेकडो. हे हाताने कोण सोडवणार? म्हणून स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या जोशुआ लेव्ही, क्रिस्टियन अँडरसन आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संगणक-प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं फ्रेया. फ्रेया ही उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधली देवी आहे आणि तिचा रथ मांजरं ओढतात. (देवीचं नाव गटाराच्या कामाला! आपल्याकडे कुणाची छाती झाली असती का?)

तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉब नाइट यांच्या प्रयोगशाळेने आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या स्मृती कार्तिकेयन यांनी तर कमालच केली. विद्यापीठाच्या आवारात त्यांनी नमुने गोळा करणारी 131 यंत्रं बसवली. ती 360 इमारतींचं सांडपाणी थोडं थोडं करून गोळा करत. शिवाय 20 लाखांहून जास्त लोकांचं सांडपाणी जिथे येतं त्या पॉइंट लोमा केंद्रातलं पाणीही तपासलं जाई. रुग्णांच्या नाकातले नमुने वाचून जो नवा व्हेरिएंट कळायचा, तो गटारात कधी कधी 14 दिवस आधीच दिसला होता. दोन आठवडे आधी! आणि काही विषाणू असे सापडले, जे रुग्णांच्या तपासणीत कुणाच्या हातीच लागले नव्हते.

"पण एवढ्या पाण्यात ते इवलेसे तुकडे सापडतात कसे?" भाचीने विचारलं. "शोधायचे कसे, चाळणीने?"

जवळपास तसंच. चला, नमुना घ्यायला जाऊ. सकाळची वेळ निवडायची, कारण... कळलं ना का? सगळं शहर तेव्हाच संडासात असतं. डोक्यावर हेल्मेट, हातात जाड मोजे, तोंडाला मास्क. केंद्रात पाणी आत शिरतं तिथे जाळीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, केसांचे पुंजके, शॅम्पूच्या पुड्या आणि एखादी चुकार चप्पल अडकलेली असते. त्याच्या पुढे दोरीला बांधलेली बादली सोडायची, राखाडी पाणी वर ओढायचं, एका बाटलीत भरायचं, झाकण घट्ट. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहायची आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची, आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसल्या. कारण आरएनए फार नाजूक, उकाड्यात पटकन विरतो.

प्रयोगशाळेत आधी ते पाणी थोडं गरम करून त्यातले जंतू मारतात. मग गाळतात. मग त्यात असा पदार्थ मिसळतात की विखुरलेले विषाणू गोळा होऊन तळाशी बसतात. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं ना, तसंच, फक्त इथे माल खाली जातो. सॅन दिएगोत हे काम चुंबकाने करत. अतिसूक्ष्म चुंबकी कणांना विषाणू चिकटतात, मग यंत्राने चुंबक लावून कण ओढून घ्यायचे. मग त्या चिमूटभर गाळातून आरएनए वेगळा काढतात आणि त्याच्या प्रती काढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असं 30 वेळा दुप्पट केलं की एका तुकड्याचे किती होतात? 107 कोटींवर! कोविडच्या दिवसांत घरोघरी ऐकू येणारं आरटी-पीसीआर ते हेच. जितक्या कमी फेऱ्यांत यंत्रात चमक दिसली, तितके मुळात तुकडे जास्त. मग ते तुकडे वाचायच्या यंत्रात जातात आणि फ्रेयाबाईंचं गणित सुरू होतं.

इथे एक अडचण येते. आपल्याकडे तर हमखास. समजा जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्यात विषाणूचे तुकडे भरपूर होते आणि जुलैत एकदम कमी झाले. साथ ओसरली? का फक्त धो धो पाऊस पडून गटारात पाणी वाढलं? सरबतात जास्त पाणी घातलं म्हणून साखर थोडीच कमी होते! मग मोजायचं कशाच्या तुलनेत? म्हणजे असं काहीतरी हवं, जे माणसांच्या शीत नेहमीच असतं, साथ असो नसो.

सांगा काय असेल?

मिरचीचा विषाणू! खरंच. ढोबळी मिरचीच्या आणि तिखट मिरचीच्या झाडांना एक विषाणू होतो. पानांवर फिकट ठिपके पडतात. माणसाला तो काहीही करत नाही. आपण मिरची खातो, तिखट खातो, सॉस खातो, तो आपल्या पोटातून फिरतो आणि तसाच बाहेर पडतो. त्याचं पाकीट इतकं चिवट की गटारातही लवकर मोडत नाही. जगभरातल्या माणसांच्या शीत तो सापडतो, आणि तोही ढिगाने. म्हणून शास्त्रज्ञ आधी मिरचीचा विषाणू मोजतात. तो निम्मा झाला आणि कोविडचाही निम्मा झाला, तर समजायचं की हा पावसाचा खेळ आहे. मिरचीचा तेवढाच राहिला आणि कोविडचा घटला, तर मात्र साथ खरंच ओसरतेय. जगातल्या इतक्या थोरामोठ्या प्रयोगशाळा शेवटी मिरचीवर भरवसा ठेवतात, हे मला फार म्हणजे फार आवडलेलं आहे.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथल्या महेश धारणे आणि त्यांच्या सोबत्यांनी शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांमधले नमुने घेऊन असंच वाचन केलं. 2021 सालच्या मध्याला डेल्टाचं राज्य होतं. त्याचं मूळ घराणं पहिल्यांदा दिसलं ते आपल्याच महाराष्ट्रात. मग वर्षाच्या अखेरीला ओमिक्रॉन आला. पुण्याच्या सांडपाण्यात डेल्टाच्या खुणा मागे सरत गेल्या आणि ओमिक्रॉनच्या पुढे येत गेल्या. एका पाहुण्याने दुसऱ्याची खुर्ची बळकावावी तसं. अहमदाबादेत, हैदराबादेत, बेंगळुरूतही असे अभ्यास झाले. आपल्याकडे काम अवघड, कारण सगळ्या घरांचे पाइप ड्रेनेजला जोडलेले नसतात. कुठे सेप्टिक टँक, कुठे सरळ उघडा नाला. अशा वेळी शास्त्रज्ञांना नाल्याकाठी उभं राहून नमुना घ्यावा लागतो.

विमानालाही संडास असतो, हे विसरलात की काय? 25 नोव्हेंबर 2021 रोजी जोहान्सबर्गहून एक विमान ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरलं. त्याच्या टाकीतलं पाणी तपासलं, त्यात ओमिक्रॉनच्या खुणा निघाल्या. आणि ओमिक्रॉन हे बारसं झालं कधी? दुसऱ्या दिवशी, 26 नोव्हेंबरला! बाळ आधी पोचलं, नाव मागून आलं.

"मावशी, थांब. माझ्या शीवरून त्यांना माझं नाव कळणार का?"

हा प्रश्न तिने एकदम गंभीर होऊन विचारला. नाही कळणार. एवढ्या पाण्यात तुझं-माझं असं काही उरत नाही. ते शहराला कळतं, शहरातल्या कुणाला काय झालंय ते नाही. पण एक आहे. जितक्या थोड्या लोकांचं पाणी, तितकं माणसाच्या जवळ जाता येतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात ऑगस्ट 2020 मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात कोविड दिसला. लगेच तिथल्या सगळ्या 311 जणांची तपासणी केली. दोघं सापडले, दोघांनाही काही त्रास होत नव्हता. त्यांना वेगळं ठेवलं आणि पुढचा फैलाव टळला.

आणि मग अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातलं एक प्रकरण. तिथल्या सांडपाण्यात एक विचित्र घराणं दिसलं. चुका भारंभार, आणि जगात कुठल्याही रुग्णात न दिसलेल्या. आपल्या खेळात एखाद्या तुकड्यावर चक्क "पकली" लिहिलेलं निघावं तसं. कुणाच्याच वहीत नाही! शास्त्रज्ञांचा अंदाज असा की कुण्या एका माणसाच्या शरीरात विषाणू कितीतरी महिने मुक्काम ठोकून प्रतींवर प्रती काढत बसला असावा. मग त्यांनी काय केलं असेल? मूरसाहेबांचंच. या चेंबरमध्ये आहे का? त्या फाट्यात आहे का? असं करत करत ते एका इमारतीच्या संडासांपर्यंत पोचले. तिथे तीसेक माणसं कामाला होती. त्यातल्या जे तयार झाले त्यांची नाकातून तपासणी केली, आणि कुणीच सापडलं नाही. कोडं तसंच राहिलं.

मला विचाराल तर एका इमारतीपर्यंत जाणं जरा जास्तच झालं. त्या माणसाला मदत मिळाली असती हे खरं. पण आपल्या घराच्या चेंबरवर कुणी बाटली घेऊन उभं असलेलं मला तरी आवडणार नाही. भाचीला मात्र अजिबात चालतं. "विषाणू सापडायला हवा ना!" आमचं यावर दहा मिनिटं भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही. तुमच्या वर्गात हा वाद घालून बघा.

एवढ्यात तिच्या आईने हाक मारली. पानं वाढली होती. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा आणि वाटीत हिरव्या मिरचीचा ठेचा. ही मुलगी तिखटाला कधी हात लावत नाही. पिठल्यातली मिरचीसुद्धा बोटाने बाजूला काढून ठेवते. आज तिने स्वतःहून चमचा घेतला, भाकरीच्या कडेला वाटाण्याएवढा ठेचा लावला आणि तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी, कान लाल, अख्खा ग्लासभर ताक एका दमात.

तिची आई बघतच राहिली. "अगं, तुला कुणी सांगितलं होतं?"

"उद्या मोजणीत मीपण यायला नको का?" असं म्हणून तिने नाक पुसलं.